माल्टाची भरभराट आणि तिची किंमत

२९ एप्रिल २०२५ रोजी लक्झेम्बर्ग येथील युरोपीय न्यायालयाने माल्टा या देशाविरुद्ध एक निकाल दिला. ठराविक रक्कम भरणाऱ्या परकीयांना नागरिकत्व बहाल करण्याची माल्टाची योजना युरोपीय संघाच्या कायद्यात बसत नाही. नागरिकत्व हे राष्ट्र आणि व्यक्ती यांच्यातील विश्वासाचे नाते आहे, त्याला व्यापारी व्यवहाराचे रूप देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. सहा ते साडेसात लाख युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने पाच-सात कोटी रुपये, शिवाय घर आणि दानधर्म एवढे केले की रशिया, चीन वा आखातातील धनिकास माल्टाचे, आणि पर्यायाने साऱ्या युरोपात वावरण्याचे, पारपत्र मिळत असे. २०१४ पासून चाललेला हा व्यवहार या निकालाने थांबला. त्याच वर्षी जुलैमध्ये माल्टाच्या संसदेने कायदा बदलला आणि नागरिकत्व आता गुणवत्तेवर दिले जाईल असे जाहीर केले.

आमच्या वाचकांना माल्टा ठाऊक आहे तो संत पौलामुळे. रोमला कैदी म्हणून जात असता ज्या बेटाशी त्याचे जहाज फुटले आणि जेथील लोकांनी पावसाथंडीत शेकोटी पेटवून त्या भिजलेल्या परकीयांचे अगत्य केले, ते बेट म्हणजे माल्टा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ती हकिकत आहे. परक्याला आसरा देण्याबद्दल ज्या बेटाचे नाव पवित्र शास्त्रात नोंदले गेले, त्याच बेटाने परक्याला दोन दरवाजे ठेवावेत, श्रीमंतासाठी एक आणि होडीतून आलेल्यासाठी दुसरा, हा विरोधाभास माल्टातील ख्रिस्ती माणसालाही बोचतो. परंतु केवळ हळहळ व्यक्त करून भागत नाही. एवढासा देश पोट कसे भरतो आणि त्याचे पुढे काय होणार, हे समजून घेतले पाहिजे.

माल्टाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मे. नदी नाही, डोंगर नाही, खनिज नाही. पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते. फोनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, १५३० पासून संत योहानाचे सरदार, मग अल्पकाळ नेपोलियन आणि अखेर इंग्रज, असे मालक बदलत गेले. या साऱ्यांतून जी भाषा तगली ती अरबीच्या कुळातील, परंतु रोमन लिपीत लिहिली जाणारी. माल्टाचे कॅथोलिक देवाला ‘अल्ला’ म्हणूनच हाक मारतात आणि आपल्या उपवासकाळाला ‘रंदान’ म्हणतात. धर्म आणि भाषा यांची गाठ अतूट असते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. असो.

२१ सप्टेंबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला, १३ डिसेंबर १९७४ रोजी प्रजासत्ताक झाला, आणि ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचा ब्रिटिश आरमारी तळ उठला. या तिसऱ्या तारखेला माल्टात विशेष महत्त्व आहे, कारण दीडशेहून अधिक वर्षे या बेटाचा उदरनिर्वाह गोदी आणि आरमार यांवरच चालला होता. तळ गेला म्हणजे चूल विझली, अशी स्थिती. तेव्हापासून माल्टाने एकामागून एक नवे धंदे शोधले. आधी कापड आणि कारखाने, मग पर्यटन, मग जहाजांची नोंदणी, मग वित्तसेवा, मग इंटरनेटवरील जुगार. आज युरोपातील सर्वांत मोठी जहाजनोंदणी माल्टाची आहे. जगाच्या सागरांवर फिरणारी कितीतरी जहाजे, ज्यांनी वॅलेटा बंदर कधी पाहिलेही नाही, माल्टाचा झेंडा लावून फिरतात. जुगाराचा धंदा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पोचला. कंपन्यांवरील कर कागदोपत्री ३५ टक्के; परंतु नफा वाटल्यावर भागधारकाला त्या करातील सात भागांपैकी सहा भाग परत मिळत, म्हणजे प्रत्यक्षात पाचच टक्के.

यात सर्वस्वी पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या जवळ जमीन नाही, धान्य नाही, तेल नाही, त्याने विकायचे तरी काय? लहान देशाजवळ विकण्याजोगी एकच वस्तू उरते : स्वतःचे सार्वभौमत्व. कायदा करण्याचा अधिकार, झेंडा लावू देण्याचा अधिकार, परवाना देण्याचा अधिकार. माल्टाने तो तुकड्या-तुकड्याने विकला आणि शेवटी नागरिकत्वही मांडले. प्रश्न एवढाच की विकत घेणारा कोण येतो, आणि तो आल्यावर घरात काय बदलते.

ते बदलले कसे, हे १६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिसले. त्या दिवशी डॅफने कारुआना गलिझिया या महिला पत्रकाराची, तिच्या मोटारीत बाँब ठेवून, बिद्निया या गावी हत्या करण्यात आली. सत्ताधाऱ्यांच्या निकटवर्तीयांच्या परदेशी कंपन्या, वीजप्रकल्पातील व्यवहार, पारपत्रांची विक्री हे तिचे विषय. तिची लेखणी तिखट होती; पुष्कळदा ती व्यक्तिगत होत असे आणि अनेक माल्टीज लोकांना ती आवडत नसे. पण न आवडणाऱ्या पत्रकारालाही जिवंत राहण्याचा हक्क असतो. २०१९ च्या नोव्हेंबरात एका बड्या उद्योगपतीला या प्रकरणी अटक झाली (त्याने आरोप नाकारले आहेत), लोक रस्त्यावर उतरले, आणि पंतप्रधान जोसेफ मस्कत यांना जानेवारी २०२० मध्ये पद सोडावे लागले. न्यायाधीशांच्या सार्वजनिक चौकशी मंडळाने जुलै २०२१ मध्ये जो अहवाल दिला त्यात हत्येची जबाबदारी राज्यसंस्थेनेही स्वीकारली पाहिजे, कारण आपल्याला कोणी हात लावणार नाही असे वातावरण सर्वोच्च पातळीवरून निर्माण झाले होते, असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्ष मारेकरी दोघे भाऊ ऑक्टोबर २०२२ मध्ये गुन्हा कबूल करून चाळीस-चाळीस वर्षांच्या शिक्षेवर गेले. बाँब पुरविणाऱ्या दोघांना जून २०२५ मध्ये जन्मठेप झाली.

त्याच सुमारास पैशाच्या बाबतीतही माल्टाची अब्रू गेली. काळ्या पैशाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने जून २०२१ मध्ये माल्टाला करड्या यादीत टाकले. युरोपीय संघाचा सदस्य असताना अशा यादीत जाणारा तो पहिला देश. वर्षभराने, कायदे घट्ट केल्यावर, ते नाव निघाले. पण तीन सरकारी रुग्णालये खासगी हाती देण्याचा २०१५ चा करार न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये रद्द केला आणि त्याच प्रकरणात मे २०२४ मध्ये माजी पंतप्रधान मस्कत यांच्यावर आरोप ठेवले गेले. ते त्यांनी नाकारले आहेत.

एवढे होऊनही मजूर पक्ष मार्च २०२२ ची निवडणूक रॉबर्ट अबेला यांच्या नेतृत्वाखाली ५५ टक्के मते घेऊन जिंकला. हे बाहेरच्याला कोड्यात टाकणारे आहे. त्याचे उत्तर माल्टाच्या घराघरांत आहे. या देशात साठच्या दशकानंतर संसदेवर प्रत्यक्षात दोनच पक्षांचे राज्य राहिले, मजूर आणि राष्ट्रवादी (आपल्याकडील राष्ट्रवादीशी गल्लत करू नये, हा जुना, ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष). पक्ष जन्मासोबत मिळतो. गावच्या सणाला वाजणाऱ्या बँडच्या क्लबापासून ते नोकरीपर्यंत सारे त्यावर ठरते. १९८१ च्या निवडणुकीत राष्ट्रवादींना जवळपास ५१ टक्के मते मिळाली, पण जागा मजुरांना जास्त, ३४ विरुद्ध ३१. देश यादवीच्या कडेला गेला. १९८७ मध्ये घटना दुरुस्त करून ज्याला मतांचे बहुमत त्यालाच सत्ता असा नियम केला, आणि त्याच तडजोडीत माल्टाची तटस्थता घटनेत लिहिली गेली. तेव्हापासून रक्तपात टळला. पण एका मताने जिंकणाऱ्याच्या हाती सारे येते, ही रीत मात्र पक्की झाली.

ख्रिस्तसभेचाही या दुफळीत वाटा आहे, आणि तो आम्ही झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. १९६१ साली आर्चबिशप मायकल गोन्झी यांनी मजूर पक्षाच्या कार्यकारिणीवर धर्मबंदी घातली. पक्षाचे वृत्तपत्र वाचणे, विकणे, त्यात जाहिरात देणे हे प्राणघातक पाप ठरविण्यात आले. कबुलीसंस्कारात मुक्ती नाकारली गेली, नवरा-नवरीला वेदीऐवजी साक्रिस्तीत लग्न लावावे लागले, आणि काही मृतांना दफनभूमीच्या आशीर्वाद न दिलेल्या कोपऱ्यात पुरण्यात आले. त्या कोपऱ्याला लोक ‘उकिरडा’ म्हणत. डॉम मिन्टॉफ या मजूर नेत्याशी असलेले वैर त्यास कारण होते. व्हॅटिकन महासभेने वारे बदलल्यावर १९६९ च्या एप्रिलमध्ये समेट झाला. पण ज्यांचे वडील त्या कोपऱ्यात पुरले गेले त्यांच्या घरांतून आजही ती गोष्ट सांगितली जाते. पुढे सत्तेवर आल्यावर मजूर सरकारने सूड उगवावा तसे ख्रिस्तसभेच्या शाळांवर हत्यार चालविले. फी घ्यायची नाही, नाही तर शाळा नको, असा आग्रह; १९८४ मध्ये शाळा बंद पडल्या आणि शिक्षकांनी लोकांच्या घरांतून मुलांना शिकविले. अखेर १९९१ च्या करारानुसार ख्रिस्तसभेने आपली पुष्कळशी जमीन राज्याकडे सोपविली आणि त्या बदल्यात राज्य शाळांतील शिक्षकांचे पगार देऊ लागले. प्रवेश बहुतांशी चिठ्ठ्या टाकून होतो. आपल्याकडील अनुदानित शाळांच्या चालकांना या कराराचा अभ्यास उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते, विशेषतः सोडून दिलेल्या जमिनीचे पुढे काय झाले याचा.

त्या जुन्या प्रतापाचे ओझे असल्यामुळेच आजचे आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना तोलून बोलतात. तरी गप्प नसतात. २०११ मध्ये सार्वमताने घटस्फोटाचा कायदा आला, २०१७ मध्ये समलिंगी विवाहाचा. दोन्ही वेळा ख्रिस्तसभेचे मत लोकांनी मानले नाही. गर्भपाताच्या बाबतीत मात्र चित्र निराळे. २०२२ च्या अखेरीस सरकारने मांडलेल्या विधेयकाविरुद्ध हजारो लोक वॅलेटाच्या रस्त्यावर आले आणि जून २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात मातेचा जीव धोक्यात असेल तरच हस्तक्षेप, एवढीच सवलत उरली. याचा अर्थ माल्टाचा ख्रिस्ती माणूस धर्मगुरूचे ऐकून मत देत नाही, पण त्याचे मन अद्याप पूर्णपणे परके झालेले नाही. २०२१ च्या जनगणनेत प्रौढांतील आठ-दशांशाहून अधिकांनी स्वतःला रोमन कॅथोलिक नोंदविले. रविवारच्या मिस्साची उपस्थिती मात्र २००५ मध्ये निम्म्याहून थोडी अधिक होती, ती २०१७ च्या गणनेत चाळीस टक्क्यांच्याही खाली आली.

आता जमाखर्चाकडे वळू. वरवर पाहता माल्टाचा हिशेब हेवा वाटण्याजोगा आहे. अर्थव्यवस्था करोनानंतर युरोपीय सरासरीच्या कितीतरी पट वेगाने वाढली, बेकारी तीन टक्क्यांच्या आसपास, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी. २०२४ मध्ये ३५ लाखांहून अधिक पर्यटक आले. १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आणि १ जानेवारी २००८ रोजी युरो चलनात आलेल्या या देशाने मोठ्यांच्या पंक्तीत आपले ताट मांडले आहे. युरोपीय संसदेच्या अध्यक्षपदी जानेवारी २०२२ मध्ये रॉबेर्टा मेत्सोला ही माल्टाचीच कन्या निवडून आली. परंतु या वाढीचा उगम पाहिला तर चिंता वाटते. माल्टाची वाढ प्रामुख्याने माणसे आणून झालेली आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४ लाख १७ हजार होती, २०२१ मध्ये ती ५ लाख १९ हजार झाली, आणि २०२४ च्या अखेरीस ५ लाख ७४ हजारांवर गेली. ही सारी भर बाहेरून आलेल्यांची, कारण माल्टाच्या स्त्रियांना सरासरी जेमतेम एकच मूल होते. हा जननदर साऱ्या युरोपीय संघात सर्वांत कमी आहे. ज्या देशाने कुटुंबाच्या पावित्र्यासाठी इतके लढे दिले तेथे पाळणाच रिकामा राहावा, याचे कारण केवळ श्रद्धा ओसरली असे सांगणे सोपे आहे. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. दोन खोल्यांचे घर घेण्यासाठी नवरा-बायको दोघांनी आयुष्यभर हप्ते भरावेत अशी स्थिती असेल तर दुसऱ्या मुलाचा विचार कोण करील?

घरांची ही टंचाई असताना बांधकाम मात्र थांबत नाही. क्रेन नाही असे गाव माल्टात सापडणे कठीण. जुनी दुमजली पिवळ्या दगडाची घरे पाडून तेथे पाच-सहा मजली इमारती उभ्या राहतात, त्यांतील सदनिका भाड्याने कामगारांना किंवा पर्यटकांना जातात. डिसेंबर २०२२ मध्ये कोर्डिन येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून वीस वर्षांचा एक तरुण ठार झाला. सरकारने सार्वजनिक चौकशीस आधी नकार दिला. त्याच्या आईने रस्त्यावर उभे राहून तो नकार मागे घ्यायला लावला. फेब्रुवारी २०२४ च्या अहवालाने राज्ययंत्रणेच्या ढिलाईवर बोट ठेवले. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस माल्टास गेले असता, देशाच्या कारभाऱ्यांसमोर बोलताना त्यांनी पैशाची हाव आणि बांधकामातील सट्टा यांचा नाव घेऊन निषेध केला होता. समोर बसलेल्यांनी टाळ्या वाजविल्या. परवाने पूर्वीप्रमाणेच मिळत राहिले.

माणसे वाढली पण वीजवाहिन्या, गटारे, रस्ते आणि रुग्णालये त्या प्रमाणात वाढली नाहीत. जुलै २०२३ च्या उष्म्यात जमिनीखालील केबली जळाल्या आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. विजेचा आणि पेट्रोलचा दर मात्र सरकारने गोठवून ठेवला आहे. युक्रेन युद्धाने युरोपभर दर भडकले तेव्हाही माल्टातील बिल वाढले नाही. ही लोकप्रिय गोष्ट आहे आणि गरिबाला तिचा आधार झाला यात शंका नाही. परंतु तिचा भार तिजोरीवर पडतो आणि ज्याच्या घरी पोहण्याचा तलाव आहे त्यालाही ती सवलत मिळते. जुलै २०२४ मध्ये युरोपीय मंत्रिपरिषदेने माल्टाविरुद्ध अतिरिक्त तुटीची कार्यवाही सुरू केली. सवलत काढली तर निवडणूक जाते आणि ठेवली तर ब्रुसेल्सचे पत्र येते. जून २०२४ च्या युरोपीय निवडणुकीतच मजूर पक्षाची आघाडी बेचाळीस हजारांवरून साडेआठ हजारांच्या आत आली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रवादींनी अ‍ॅलेक्स बोर्ग या तीस वर्षांच्या तरुणाला नेता निवडले. सत्ता कोणाचीही असो, विजेचा दर वाढविण्याची हिंमत तूर्त कोणात दिसत नाही.

या साऱ्याचा आपल्याशी थेट संबंध येतो तो कामगारांमुळे. २०२१ च्या जनगणनेत माल्टातील परकीयांत इटालियन आणि ब्रिटिशांच्या पाठोपाठ भारतीय होते, जवळपास आठ हजार; त्यानंतर ती संख्या वाढतच गेली. रुग्णालयांत परिचारिका, वृद्धाश्रमांत सेविका, हॉटेलांत स्वयंपाकी, रस्त्यावर टॅक्सी आणि जेवणाचे डबे पोचविणारे तरुण. त्यांत केरळचे ख्रिस्ती बांधव पुष्कळ. एकेकाळी माल्टाचे येशूसंघीय धर्मगुरू आपल्या संथाळ परगण्यात सुवार्ताकार्यासाठी येत असत. आता आपली मुले त्यांच्या आजी-आजोबांची शुश्रूषा करतात. ही देवाणघेवाण सुंदर आहे, परंतु तिची दुसरी बाजू आपल्या धर्मग्रामांतील तरुणांना कोणी सांगत नाही. युरोपबाहेरच्या कामगाराचा परवाना एका मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्या मुदतीत दुसरी शोधावी लागते, नाही तर परतावे लागते. एका सदनिकेत एका खाटेचे भाडे भरून अनेक जण राहतात. आणि ते माल्टात पोचण्यापूर्वीच दलालाला लाखो रुपये देऊन बसलेले असतात, बहुधा घरचे दागिने गहाण ठेवून.

माल्टाचे सरकारही आता आखडते घेत आहे. २०२४ पासून हॉटेल-व्यवसायात येणाऱ्या युरोपबाहेरील कामगारांना इंग्रजी आणि कामाचे कौशल्य यांची परीक्षा देणे आवश्यक केले गेले. २०२५ मध्ये श्रमिक-स्थलांतराचे नवे धोरण आले. ज्या आस्थापना वरचेवर माणसे काढून नवी आणतात त्यांच्यावर त्यात बंधने आहेत. हेतू वाईट नाही. पण स्वस्त मनुष्यबळावर उभारलेली अर्थव्यवस्था ते मनुष्यबळ कमी करून टिकवायची, तर पगार वाढवावे लागतील, यंत्रे आणावी लागतील, किंवा हॉटेले कमी करावी लागतील. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे माल्टाने ठरविलेले दिसत नाही. जुगाराच्या धंद्यावरही सावट आहे. परदेशी न्यायालयांचे निकाल माल्टातील जुगार-कंपन्यांवर लागू होऊ नयेत यासाठी २०२३ मध्ये केलेल्या कायद्याबद्दल युरोपीय आयोगाने जून २०२५ मध्ये कारवाईस आरंभ केला. मोठ्या कंपन्यांवर किमान पंधरा टक्के कर आकारण्याचा जागतिक ठराव आहे. माल्टाने त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्याची सवलत घेतली असली तरी ती कायमची नाही. पारपत्रांचे दुकान बंद झाले. सार्वभौमत्वाचे जे तुकडे विकून घर चालले, त्यांचे गिऱ्हाईक एकेक करून परत चालले आहे. येत्या दहा वर्षांत माल्टा बुडेल असे भाकीत आम्ही करीत नाही. आरमार गेले तेव्हाही तो बुडाला नाही, आणि चतुर लोक नवा धंदा शोधतील. मात्र त्या मधल्या काळात पहिला घाव बाहेरून आणलेल्या माणसांवर पडेल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

म्हणून माल्टास जाण्यासाठी शिफारसपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येणाऱ्या तरुणाला आमच्या धर्मगुरूबंधूंनी दाखला अवश्य द्यावा, आणि त्यासोबत चार प्रश्नही विचारावेत. नियुक्तिपत्रावर मालकाचे नाव आहे की दलालाचे? दलाल भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का? पगार युरोत किती, आणि खाटेचे भाडे वजा जाता हाती काय उरते? दलालाला दिलेले पैसे फिटायला किती महिने लागतील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर परवान्याच्या मुदतीपेक्षा मोठे निघाले, तर त्या घरच्यांना बोलावून घेऊन दागिने गहाण पडण्यापूर्वीच हा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा.